पात्रांवांचा भोंगा

आमच्या तिघांत काही बिघडलं की त्याचा किस्सा होतो, आणि सगुणच्या पडवीत इतकं काही बिघडलंय की कुठला आधी सांगू असं होतं! तिघे म्हणजे मी पेडण्याचा, चंदगडहून आलेला पाटील आणि चोपड्याचा सगुण. तिघेही तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एकाच कारखान्यात. घरीच सर्किट बोर्ड करायचे या हौसेपायी आम्ही छोटं सीएनसी मशीन मागवलं. तांब्याचा थर चिकटवलेला बोर्ड असतो. मशीनचं टोकदार बिट नको तिथलं तांबं खरवडून टाकतं, उरतं ते सर्किट. सांगायला इतकं सोपं!

*

पहिला बोर्ड किंचित वाकडा होता. बिट एका बाजूला खोल रुतलं, दुसऱ्या बाजूला नुसतं हवेत फिरलं. पाटील म्हणाला, "अर्धं रान नांगरलं, अर्धं पडीक! आता पेरायचं कुठं राव?"

मग कळलं, कापण्याआधी मशीनकडून बोर्ड चाचपून घ्यायचा असतो. बिट हळूच खाली येतं, टेकतं, उंची नोंदवतं, पुढे सरकतं. सगुणचे वडील खुर्चीत बसून हे बघत. चोपड्याच्या फेरीबोटीचं सुकाणू त्यांच्या हातात असायचं, म्हणून अख्खा गाव त्यांना पात्रांव म्हणे. पूल झाला, फेरी बंद पडली, आणि आता त्यांची आठवणही जायला लागली होती. मुलाचं नावसुद्धा चुकायचं. पण त्या बिटाकडे बघून म्हणाले, "उदक मेजता रे तो. शाणो आसा!"

नदीत बांबू टाकून त्यांनी जन्मभर पाणी मोजलं होतं.

*

कधीकधी उजाडलं की पात्रांव उठून जुन्या धक्क्याकडे चालू लागत. पहिली फेरी न्यायची ना! एकदा गुडघाभर पाण्यात सापडले. सगुणच्या तोंडचं पाणी पळालं. मग ठरलं, दारातल्या पायपुसण्याखाली स्विच ठेवायचा, पाय पडला की भोंगा. विकतची बेल मागच्या स्वयंपाकघरात ऐकूच जायची नाही. बोर्ड आपणच करायचा!

बोर्ड मी काढला, आणि उलटा काढला! आरशात दिसतो तसा. आयसी चिपचा एकही पाय आपल्या जागी येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटलाने काय करावं? आयसी मेलेल्या झुरळासारखी उताणी पाडली, पाय वाकवले आणि तशीच सोल्डर केली. भोंगा वाजला!

"आयला, झुरळ वरडलं की," पाटील म्हणाला.

*

घरातले सगळे पायपुसणं ओलांडून जायला शिकले. दारावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला मात्र कुणी सांगितलंच नाही. आणि भोंगा पाटलाने बसवलेला, जुन्या ट्रकचा! सकाळी पोदेराचा पाय पडला मात्र, पावाची टोपली एकीकडे, पोदेर अंगणात दुसरीकडे. "फाल्यां सावन पाव भायरच!" तो ओरडला. दुसऱ्या दिवसापासून तो पाव फाटकालाच अडकवून जाऊ लागला.

*

त्यावर आम्ही चार दिवस हसलो. पाचव्या दिवशी पात्रांवांचा पाय पडला. एक लांब भोंगा झाला. थांबायचं सोडून म्हातारा पळत सुटला!

"फेरी सुटतली! लोक रावल्यात!"

एक लांब भोंगा ही फेरी सुटायची खूण. हे आमच्या तिघांच्या डोक्यातच आलं नाही. सगुणने गाठलं तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. त्यांना वर आणून तो धक्क्यावर बसला आणि ढसाढसा रडला. "मीच हाक मारली रे त्यांना!" माझ्याही डोळ्यांना धार लागली. बोर्ड मी काढलेला.

पाटील तेवढा भिजलेल्या पात्रांवांजवळ उकिडवा बसला. "पात्रांव, फेरी काठाला लागली की कसं वाजवायचा?"

"दोन," ते म्हणाले. "ल्हान."

त्याच आठवड्यात नवा बोर्ड काढला. सुलटा आहे ना, हे तिघांनी तीन-तीनदा तपासलं.

*

पुढे दीड वर्ष रोज एकच. पाय पडे, दोन छोटे भोंगे होत, पात्रांव उंबऱ्याबाहेर थांबून विचारत, "लागली?" कुणीतरी म्हणायचं, "लागली, पात्रांव." मग वळून खुर्चीत येऊन बसत. उत्तर मिळालं नाही तर तिथेच उभे! पाटील सुट्टीच्या दिवशीही उजाडता उजाडता सायकल हाणत यायचा. का, तर एवढं एक उत्तर द्यायला.

*

पात्रांव गेले त्या दिवशी माणसांची सारखी ये-जा. मी सकाळीच भोंग्याचं बटण बंद केलं होतं. अंगणात तिरडी बांधून झाली. त्यांना घरातून बाहेर आणायचं, तेवढ्यात सगुण पडवीत गेला, बटण चालू केलं आणि येऊन वडिलांचे पाय धरले. खांद्यांशी पाटील होता.

सगुण सवयीने पायपुसणं ओलांडून गेला. मागून पाटलाचा पाय पडला. दोन छोटे भोंगे झाले.

सगळे जागच्या जागी थांबले, भटजीही. सगुण वडिलांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. कुणीच काही विचारलं नाही.

"लागली, पात्रांव," पाटील म्हणाला, आणि त्याने पाय उचलला.