उजव्या कोपऱ्यातली हेमी

हेमी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, पायांकडे बघे. गावात तिच्याबद्दल जे काही चांगलं बोललं जायचं, त्यातलं निम्मं या एका सवयीमुळे. ती कोळीवाड्यातून बाजाराकडे निघाली की ओट्यावरच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "बगा, काय गुणाची पोर हाय! मान वर करत नाय." आणि ही भवानी शेजारून चालता चालता माझ्या कानात पुटपुटायची, "वंदे, ती पाटलीण बग. उजव्या टाचेवर भार टाकलान. आता डावीकडं वळंल." पाटलीणबाई खरोखर डावीकडे, पिठाच्या गिरणीकडे वळायच्या. मला हसू आवरायचं नाही.

दिवेआगरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला आमची बौद्धवाडी, आणि मध्ये विहारामागचं मैदान. तिथे संध्याकाळी मुली कबड्डी खेळायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठवीत होते. आमचे कोच तात्या दिवसभर सहा आसनी रिक्षा चालवायचे आणि पाचाच्या ठोक्याला शिट्टी गळ्यात घालून हजर व्हायचे. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "अंगानं बरी हायस. त्या हेमीच्या बाजूला उभी ऱ्हा." हेमीने माझ्या पायांकडे बघितलं. "टाच घासत चालतेस गो," ती म्हणाली, "चपला लवकर झिजत असतील." एवढीच आमची ओळख. पुढची सात वर्षं तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात होता.

ती उजव्या कोपऱ्यात, मी तिला लागून कव्हरला. चढाई करणारी अंगावर आली की आम्ही दोघी साखळी करून, म्हणजे एकमेकींचा हात धरून, मागेपुढे सरकायचो. तोंडाने बोलायची सोय नव्हती, समोरचीला कळलं असतं. म्हणून हेमीने हाताची भाषा ठरवली होती. एकदा दाबलं की थांब. दोनदा दाबलं की मी निघाले. दोनदा दाबून ती बोटं उघडायची, त्याच क्षणाला मीही माझी उघडायची, आणि ती जमिनीसरशी झेपावून समोरचीचा घोटा दोन्ही हातांनी कवळायची. तो घोटा मग सुटायचा नाही. बोंबील धरणाऱ्या घरातली पोर ती, निसटत्या वस्तूंची तिला लहानपणापासून सवय होती.

ओहोटीच्या दिवसांत तात्या सराव समुद्रावर घ्यायचे. पायाच्या अंगठ्याने ओल्या वाळूत रेघा ओढल्या की झालं मैदान. खेळ संपला की बाकीच्या पोरी घरी पळायच्या आणि आम्ही दोघी तिथेच पाठ टेकून पडायचो. पाणी लांब गेलेलं असायचं, उजेड हळूहळू विरत जायचा, सुरूच्या झाडांमधून वारा यायचा. हेमी अर्धवट डोळे मिटून बोलायची. तिचं निम्मं चित्त कायम दुसरीकडेच असायचं. "वंदे, मला सपान पडतं," ती म्हणायची. "मोठं मैदान हाय. भोवती दिवे. आन समोरून एकामागून एक पोरी येतात, पन त्यांचे पाय मी आदी कधी बगितलेलेच नाय. सगळे घोटे अनोळखी. काय मजा येते म्हाईत हाय?"

"मग पकडतेस का नाही?" मी विचारायची.

"त्याच्या आदीच आये उठवते गो, मासळी वाळत टाकायला."

मला वाटतं, हेमीला आयुष्यात हवं होतं ते एवढंच. एकदा तरी अनोळखी घोट्यांसमोर उभं राहायचं. त्यासाठी जिल्ह्याच्या संघात निवड व्हायला हवी होती.

आणि इथेच सगळं घोडं पेंड खायचं. दर वर्षी पावसाळा सरला की तात्या रिक्षाच्या टपावर थाप मारून जाहीर करायचे, "यंदा हेमीचं साल!" सगळा गाव मान डोलवायचा. यंदा पोरगी चमकणार, यंदा जिल्ह्याला कळणार आमच्याकडे काय माल आहे ते. आणि दर वर्षी निवड चाचणीच्या तोंडावर हेमीचं काहीतरी मोडायचं. एका वर्षी करंगळी, जी पुन्हा कधी सरळ झालीच नाही. दुसऱ्या वर्षी वाळूत खेकड्याच्या बिळात पाय गेला आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला. तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. सगळा मोसम धडधाकट काढला आणि चाचणीच्या आदल्या दिवशी तात्यांच्याच रिक्षातून उतरताना घोटा मुरगळला. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. हाडवैद्य मात्र तिला बघून हसला आणि म्हणाला, "आलीस? बस." गावात तिचं नावच पडलं, काचेची हेमी.

चौथ्या वर्षी तिच्या आईने बजावलं, "यंदा निवडली तर खेळ. नायतर शिमग्यानंतर लगीन. मांडव्याकडचं स्थळ आलंय, मी किती दिस थांबवू?" मुलगा बघून गेला तेव्हा मी तिला विचारलं, कसा आहे गं? म्हणाली, "पाय सरळ हाय. माणूस चांगला असंल." तोंड कसं आहे ते तिला सांगता येईना.

त्या वर्षी आम्ही हेमीला जपलं. जपलं म्हणजे किती! आईने तिच्या डोक्यावर मासळीची पाटी दिली नाही. शेजारणी तिच्या हातातली कळशी काढून घेत. तात्या तिला सरावात अर्धाच वेळ खेळवत आणि रिक्षातून उतरताना स्वतः हात धरून उतरवत. मी तर काय, तिची सावलीच झाले होते. रस्त्यात दगड दिसला तर आधी मी लाथ मारून बाजूला करायची. हेमी वैतागायची. "अगो, मी काय गणपती हाय काय, सगळे मिळून सांबाळून नेतायत ते?" पण आम्ही ऐकलं नाही. दिवसरात्र एकच धसका होता, हिला काही होता कामा नये. तो धसका माझ्या हातात कधी उतरला ते मला कळलंच नाही.

चाचणीला हेमी धडधाकट पोचली. तात्यांनी मैदानाला वाकून नमस्कार केला. नशिबाने आम्ही दोघी एकाच बाजूला आलो. निवड करणाऱ्या एक चष्मेवाल्या बाई होत्या, कागदावर काहीबाही टिपत होत्या. हेमीने पहिली पकड केली, बाईंनी मान वर केली. दुसरी केली, बाईंनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. तिसऱ्या पकडीला त्यांनी पेनच खाली ठेवलं आणि नुसत्या बघत बसल्या. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हेमी मात्र शांत. तिचा तळहात कोरडा ठणठणीत होता. तिच्या स्वप्नातल्यासारख्या अनोळखी घोट्यांकडे ती एकटक बघत होती आणि ओठांच्या कोपऱ्यात हसत होती.

मग पेणकडची एक उंच मुलगी चढाईला आली. हेमीने दाबलं, एकदा. थांबलो. ती उंच मुलगी आत घुसली. हेमीने दाबलं, दोनदा, आणि बोटं उघडली. मला दिसलं की ती खाली झेपावतेय, आणि दिसलं की त्या उंच मुलीचा गुडघा वर येतोय, थेट हेमीच्या तोंडाच्या दिशेने. लागेल हिला, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी हात सोडला नाही.

अर्धा क्षण असेल. शरीर पुढे गेलं आणि डावा हात मागे माझ्या मुठीत राहिला. खांदा निखळल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या उंच मुलीचा गुडघा तिला लागलाही नाही, ती बाजूने निघून गेली. हेमी पालथी पडली, मग कुशीवर वळली आणि तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

सगळे धावले. तात्या ओरडत होते, "काय झालं? काय झालं?" हेमी दात आवळून म्हणाली, "पाय घसरला माझा." चष्मेवाल्या बाईंनी पेन पुन्हा उचललं आणि कागदावर एक रेघ ओढली.

परतीच्या वाटेवर तात्यांनी रिक्षा बैलगाडीच्या चालीने चालवली. हेमीचा हात ओढणीत बांधला होता. मी समोर बसून ढसाढसा रडत होते. "तू काय रडतेस? तुझा खांदा उतरला काय?" ती म्हणाली आणि रिक्षाबाहेर बघत बसली. बाहेर भातखाचरं मागे मागे जात होती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

शिमग्यानंतर तिचं लग्न झालं. नवरा मांडव्याच्या धक्क्यावर लाँचीवर कामाला होता, पाय सरळ असलेला, आणि हेमीचा होरा खरा ठरला, माणूस चांगलाच निघाला. मी डी.एड. करून तळा गावच्या शाळेत लागले. कधी सणावाराला भेट व्हायची. ती पोराबाळांचं बोलायची, मी शाळेचं. स्वयंपाक करताना तिचा डावा हात खांद्याच्या वर जायचा नाही, डबा फळीवर ठेवायला ती मुलीला हाक मारायची. मी बघायची आणि विषय बदलायची. कितीतरी वर्षं मी ते कबूल केलंच नाही, वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवत असतानासुद्धा. लाज वाटते सांगायला, पण आहे ते असं आहे.

चक्रीवादळात तिच्या आईच्या घराचे पत्रे उडाले, मागच्या वाडीतल्या माड-पोफळी आडव्या झाल्या. हेमी मदतीला म्हणून आली आणि राहिलीच. नवरा सुट्टीला येऊन-जाऊन असतो. पडलेले माड उचलल्यावर वाडीत एक मोठी मोकळी जागा उरली. शेजारच्या बायका जागेकडे बघून हळहळायच्या. हेमीने तिथे चुन्याने रेघा मारल्या आणि गावातल्या पोरींना बोलावलं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी मी तिथे गेले. दहा-बारा पोरी जोडीजोडीने हात धरून उभ्या होत्या. दोनदा दाबायचं, सोडायचं. दोनदा दाबायचं, सोडायचं. बाकी काही नाही. एक चुणचुणीत पोर कुरकुरली, "मावशी, सोडायला काय शिकायचंय? पकड शिकवा ना!"

"पकड मागनं. आदी पन्नास येळा सोडून दाखव," हेमी म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच, म्हणजे फक्त माझ्या चपलांकडे बघत, म्हणाली, "आलीस? अजून टाच घासतेस." पोरींना सांगितलं, "ही माझी कव्हर. सात वर्सं खेळलीय माझ्याबरोबर."

त्याच चुणचुणीत पोरीने विचारलं, "मग मावशी, तुमचा खांदा कसा गेला?"

"पाय घसरला माझा," हेमी म्हणाली. किती सहज! जणू रोजचा पाढा.

"नाही," मी म्हटलं. "तिचा पाय नव्हता घसरला. तिने सांगितलं होतं, सोड म्हणून. मी नाही सोडला हात. मला वाटलं, हिला लागेल."

हेमीने पायाने वाळू सारखी केली. "म्हाईत हाय," ती म्हणाली. "बोटं माझीच उघडलेली व्हती, मला नाय कळणार?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू जपायला गेलीस. सगळेच जपत व्हते मला." तिने पदर कमरेला खोचला. "राग आला व्हता गो. लय आला व्हता. लग्नाच्या दिवशी पन व्हता. आता ये. उभी ऱ्हा."

"वेडी आहेस का? त्या खांद्याने? या वयात?"

"उभी ऱ्हा म्हनते ना."

ती उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि डावा हात माझ्यापुढे केला. तो हात मी धरला. तीच वाकडी करंगळी, तोच कोरडा तळवा. समोरून ती चुणचुणीत पोर चढाईला आली, कबड्डी कबड्डी करत, पायात नुसता वारा. पडलेल्या माडांच्या जागेतून समुद्रावरचं ऊन तिरपं आत येत होतं. हेमी तिच्या घोट्यांकडे बघत होती, ओठांच्या कोपऱ्यात हसत. लागेल हिला, लागेल हिला.

एकदा दाबलं. थांबले.

दोनदा दाबलं. मी बोटं उघडली.

हेमी सुटली. वाळूत दणकन आपटली आणि पोरीचा घोटा तिने दोन्ही हातांनी कवळला. पोरगी हातपाय झाडत किंचाळली, बाकीच्यांनी एकच गिल्ला केला. हेमी तशीच पडल्या पडल्या वर बघत होती. केसांत वाळू, तोंडात वाळू. माझ्या पायांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वेळेवर सोडलास गो," ती म्हणाली. मग उठून खांदा चोळत पोरींवर ओरडली, "बगताय काय? पन्नास येळा सांगितलंय ना!"

पोरी पुन्हा जोडीजोडीने उभ्या राहिल्या. एक जण जोडीवाचून राहिली होती. मी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.