दाजींच्या गाडीचा आकडा

माझं तोंड वाईट आहे, हे वडवणीच्या बाजारात कुणालाही विचारा. गावच्या सहकारी सोसायटीत मी सचिव म्हणून उभी हयात काढली, आणि मी ज्याच्यावर ओरडलो नाही असा सभासद शोधून सापडायचा नाही. सातबारा आणला नाही म्हणून ओरडलो, सही भलत्याच रकान्यात केली म्हणून ओरडलो, काहीच कारण नसलं तर ऊन फार आहे म्हणून ओरडलो. पण जिथं खरोखर तोंड उघडायला पाहिजे होतं तिथं मी मूग गिळून बसलो. तेवढंच इथं लिहायचं आहे. आता ऐकणारं कुणी राहिलं नाही, म्हणूनच धीर होतोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई-वडील लवकर गेले, मला आक्कानंच वाढवलं. लग्न होऊन ती दाजींच्या घरी गेली, तशी तिच्या मागोमाग माझीही वळकटी तिथंच गेली. दाजींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. ते सहकारी साखर कारखान्यात ड्रायव्हर होते, चेअरमनची पांढरी अँबॅसिडर त्यांच्या हाती असायची. जुनं मॉडेल. पुढची सीट बाकड्यासारखी सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि दार लावलं की धप्प असा घरच्या कवाडासारखा आवाज यायचा.

पुढं लागोपाठ पाऊस रुसला. ऊसच राहिला नाही, आणि एका साली कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. आमच्याकडची माणसं दर दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊस तोडायला बाहेर जातातच, त्या साली त्यांच्या ट्रकमध्ये कारखान्याचे कामगारही बसले. कारखान्यानं सामान लिलावात काढलं. गाडीची पाळी आली तेव्हा दाजींनी खाली बघत एक बोली लावली. पटांगणात शे-दीडशे माणूस होतं, पण त्यांच्यावर कुणी बोली चढवली नाही. परगावचा एक भंगारवाला हात वर करायला लागला, तर शेजारच्यानं त्याचा हात धरून खाली घेतला. अशी गाडी दाजींची झाली.

आता विम्याचं सांगतो. नव्या गाडीची किंमत कंपनी आपल्या तक्त्यानं ठरवते, दर वर्षी घसारा धरून कमी करत नेते. गाडी एवढी जुनी झाली की तक्ता संपतो. मग मालकानं सांगायचं आणि कंपनीनं मान्य करायचं. फॉर्मवर जो आकडा पडला, तीच गाडीची किंमत. गावातले सगळे फॉर्म मीच भरायचो, दाजींचाही. मी विचारायचो, दाजी, काय लिहू? ते म्हणायचे, लिवा कायतरी, लई लिवू नगा.

यात कंजूषपणा नव्हता. आमच्याकडं धडधाकट बैलाची किंमत कुणी विचारली तर धनी निम्मी सांगतो. म्हैस दूध किती देती असं विचारलं तर बाई निम्मंच सांगते. खरं सांगितलं की दृष्ट लागते. विम्याच्या कागदाला दृष्ट कुठली लागायची, पण माणसाची सवय कागदापाशी येऊन थोडीच सुटते. मलाही ते सोयीचंच होतं. आकडा लहान की हप्ता लहान. आख्ख्या तालुक्यात सगळ्यात कमी हप्ता माझ्या दाजींचा, असं मी चहाच्या टपरीवर मिशीला पीळ देऊन सांगायचो.

मग एकदा पुण्याचा कुणी हौशी माणूस जुन्या गाड्या शोधत आष्टीकडून आमच्या गावात आला. त्यानं गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून बघितलं, खाली आडवा होऊन बघितलं, आणि दाजींना दीड लाख देतो म्हणाला. मी फॉर्मवर पंचवीस हजार लिहिले होते! दाजी नुसतेच हसले. तो गेल्यावर आक्कानं मीठ-मोहऱ्या घेऊन गाडीवरून उतरून टाकल्या. आम्ही तिला त्यावरून खूप चिडवलं.

त्याच साली आक्काच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं. जाताना ती पुढं बसून गप्पा मारायची, येताना मात्र अंगात त्राण नसायचं. दाजींनी मागच्या सीटवर दुपदरी गोधडी अंथरली होती. ती त्यावर आडवी व्हायची, आणि दाजी खड्डा चुकवत बैलगाडीच्या चालीनं यायचे. एसटीनं जायचं तर दोनदा बदलावी लागायची, आणि त्या बाईमाणसाला सुई काढल्यावर स्टँडच्या फरशीवर बसवणार कसं? ती गाडी चालू आहे तोवर आक्काचं जाणंयेणं नीट, एवढं घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

विम्याची मुदत संपत आली तसे दाजी सोसायटीत आले. माझी जेवायला जायची वेळ झाली होती. ते म्हणाले, "पाव्हणं, या साली खरी किंमत लिवा. गाडीला कायतरी झालं तर तुमच्या आक्कानं कशानं जायचं?"

खरी किंमत लिहायची म्हणजे नुसतं लिहून भागत नाही. गाडीचे फोटो काढायचे, मूल्यांकन करणाऱ्याचा दाखला आणायचा, कंपनीच्या साहेबाला पटवायचं. बीडला दोन-तीन हेलपाटे नक्की. मला कंटाळा आला. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी त्यांची थट्टा केली. म्हणालो, "अहो दाजी, हौशी माणसाचं बोलणं ते. कंपनी जुन्या पत्र्याला काय भाव देणार? आणि आकडा मोठा लिहिला की दृष्ट लागती, तुम्हीच म्हणता ना?" दाजी हसले. मी गेल्या सालचाच आकडा उतरवला, त्यांनी न वाचता सही केली. मी जेवायला गेलो. आक्कानं त्या दिवशी सोसवत नसताना माझ्यासाठी शेंगदाण्याचं कालवण केलं होतं, ते मी दोनदा मागून घेतलं.

उन्हाळ्यात गुरांच्या चारा-छावण्या लागल्या. दाजी औषधं आणायला एकटेच निघाले होते. वडवणीच्या अलीकडच्या वळणावर छावणीकडं चाललेली जनावरं आडवी आली आणि दाजींनी ब्रेक मारला. मागून पाण्याचा टँकर भरून येत होता, तो थांबला नाही. गाडी मागून चेपली आणि पुढं ढकलली जाऊन बाभळीवर आपटली. दाजींच्या कपाळाला एवढीशी खोक पडली. गाडी मात्र दोन्ही बाजूंनी आत गेली.

टँकरवाल्यावर तक्रार करायला पाहिजे होती, मी ओरडून ओरडून सांगितलं. पण टँकर ठाण्यात उभा राहिला असता तर तीन वस्त्या पाण्यावाचून राहिल्या असत्या. रात्रीतून चार माणसं दाजींकडं येऊन हात जोडून गेली. दाजींनी नंबर बघितला नाही असं लिहून दिलं. त्यांच्यापाशी आता आपल्या विम्याशिवाय काही उरलं नाही, आणि तो विमा मी भरला होता.

कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा गाडी अंबाजोगाईला एका डेंटरच्या शेडमध्ये होती. मी आणि दाजी आधीच जाऊन बसलो होतो. सर्व्हेअर शांत माणूस होता. पत्र्यावर बोटं वाजवून बघायचा, फोटो काढायचा, वहीत लिहायचा. चासी नंबर त्यानं दोनदा ताडून बघितला. इंजिन शाबूत आहे म्हणाला. डेंटर म्हणाला, असला पत्रा आता मिळत नाही, हातानं ठोकून करावा लागंल, पण महिन्यात उभी करतो. दाजींच्या चेहऱ्यावर केवढी तरतरी आली! त्यांनी लगेच मागच्या सीटचं विचारलं, ती आधी करता येईल का म्हणून.

मग सर्व्हेअर स्टुलावर बसला. त्यानं डेंटरचा अंदाज एका मांडीवर ठेवला, विम्याचा कागद दुसरीवर. नंतर त्यानं नीट समजावून सांगितलं. दुरुस्तीचा खर्च कागदावरच्या किमतीच्या पाऊण हिश्शाच्या वर गेला की कंपनी दुरुस्ती देत नाही. गाडी गेली असं धरते, कागदावरची किंमत देते आणि सांगाडा विकते. इथं दुरुस्ती त्या आकड्याच्या दुपटीवर जात होती. ज्याला गाड्या कळतात तो ही गाडी दुरुस्तच करील, असं तो स्वतःच म्हणाला.

"खऱ्याच्या निम्मी जरी लिहिली असती तरी मी दुरुस्ती मंजूर केली असती," तो म्हणाला. "हा आकडा घातला कुणी?"

कागद त्याच्या हातात होता आणि अक्षर माझं होतं. दाजींना माझं अक्षर मी पाटी गिरवायचो तेव्हापासून ठाऊक. मी घसा खाकरला. खरं सांगायला की सारवासारव करायला, हे आजही मला सांगता यायचं नाही. तेवढ्यात दाजी बोलले.

"म्याच सांगितला, सायेब. आमी आपल्या वस्तूची किंमत सांगत न्हाई. दृष्ट लागती."

सर्व्हेअर हसला नाही. त्यानं कागद मिटला आणि दाजींना पाणी पाजायला डेंटरला सांगितलं. आणि मला काय वाटलं म्हणता? बरं वाटलं. लिहिताना माझीच मला किळस येते, पण त्या घटकेला सुटलो बुवा असंच वाटलं.

सांगाडा ठेवून घ्यायची सोय होती, पण मग त्याची किंमत वजा होऊन हातात फारसा पैसा येत नव्हता, आणि त्या साली रानात काही नव्हतं. दाजींनी सही केली. सांगाडा न्यायला ट्रक येणार होता त्या दिवशी ते अंबाजोगाईला गेले नाहीत. घरासमोर जिथं गाडी उभी राहायची तिथं त्यांनी दिवसभर कडबा तोडत बसून काढला. घरात जनावर एकही नव्हतं, सगळी छावणीत होती.

त्यानंतर आक्का एसटीनं जायला लागली. मी दोनदा जीप ठरवून दिली, तिसऱ्या वेळी तिनंच नको म्हटलं. येताना केजच्या स्टँडवर ती दाजींच्या उपरण्यावर डोकं टेकून आडवी व्हायची, लोक वाट काढून जायचे. एकदा एसटी वाटेत बंद पडली, एकदा मोर्चामुळं निघालीच नाही, दोन खाडे पडले. पायावरची सूज वर चढली. मी सोसायटीत बसून लोकांवर नेहमीपेक्षा जास्त ओरडत होतो. मृग निघायच्या आत आक्का गेली. डॉक्टर म्हणाले, तसंही फार दिवस नव्हते. ते मला बरं वाटावं म्हणून बोलले की खरंच, हे मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

दहाव्याला सगळे नातेवाईक जमले होते. दाजींचे थोरले भाऊ तोंडानं फटकळ, त्यांनी मांडवातच विषय काढला. चार पैशांच्या हप्त्यासाठी गाडीची किंमत खाली लावली, म्हणून गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणून बाई गेली, असं ते सगळ्यांदेखत दाजींना म्हणाले. बायका रडायच्या थांबल्या. दाजी मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. एवढा तोंडाळ मी, माझ्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. कुणीतरी वाढायला घ्या म्हणालं आणि पानं मांडली गेली.

माणसं पांगल्यावर मी दाजींपाशी गेलो. ते न्हाणीच्या दगडावर बसून हातपाय धूत होते. मी म्हणालो, दाजी, तो आकडा माझा होता, मघाशी मी सांगायला पाहिजे होतं. म्हातारा माणूस मी, पण लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागलो.

दाजींनी तांब्या खाली ठेवला. ते म्हणाले, "तिला समदं ठावं व्हतं. गाडी गेली त्याच दिशी म्या सांगितलं. म्हणली, त्याला कुनी कायबी बोलायचं न्हाई. माझं माहेर म्हंजी तो एकलाच हाय."