बसमध्ये चढलेलं दार

आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे होऊन चार जिल्हे झाले, त्या वर्षीची गोष्ट. इंद्रवेल्लीहून आदिलाबादच्या बसमध्ये बसलो होतो. वाटेतल्या एका फाट्यावर आधी एक लाकडी दार आत शिरलं आणि त्यामागून ते ढकलणारी, पदर कमरेला खोचलेली साठीची बाई.

"अम्मा, बस में दरवाजा?" कंडक्टर ओरडला.

"मंग का डोक्यावर घेऊन चालू एवढं?" म्हणत तिनं दार माझ्या गुडघ्यांना टेकवलं. परवानगी वगैरे काही नाही, उलट मलाच बजावलं, "भाऊ, नीट धरा. कडी लागंन."

एकाच झडपेचं हलकं दार. त्यावर लाल रंगात घराचा नंबर. खिडकीतून धूळ आली की ती पदरानं तो नंबर पुसायची, लेकराचं तोंड पुसावं तसा.

"मावशी, दार काऊन काढलं?"

"आमचं गाव नव्या मंडलात, म्हंजे नव्या तालुक्यात टाकलं अन् मतदारयादीतून माहं नाव गेलं. कचेरीतला साहेब म्हणते, या नंबरचं घरच नाही गावात. म्हटलं, घर तं बसमंदी येत नाही. दार नेऊन दाखवावं."

सगळी बस हसली, मीही हसलो. मग उगाच शहाणपणा केला, "पण घर उघडं टाकून आलात. चोरी झाली म्हणजे?"

कचेरीचा थांबा आला होता. खाली उतरून तिनं दार डोक्यावर घेतलं आणि वाजू नये म्हणून कडी एका हातात धरली.

"चोरी तं झालीच ना, भाऊ. गेलं तेच परत आणाले चालली."