आमचा धुरा पेटला नाही

आमची शेजारीण लांब आकडीनं बाभळीची फांदी ओढायची, गदागदा हलवायची आणि खाली पडलेल्या शेंगांना हात न लावता पुढच्या झाडाकडे निघायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "आपण लावल्या काय? मंग?"

तिचं वावर माझ्या वावराला लागून. उन्हाळ्यात पातूरच्या रस्त्यानं जाऊन पाहा, पेरणीआधी सगळे धुरे, म्हणजे दोन वावरांमधले बांध, जाळून काळे केलेले दिसतील. आमच्या मधला तेवढा बोराटी, हिवर आणि बाभळीनं भरलेला.

एका उन्हाळ्यात भुकेलं हरीण गावात शिरलं. कुत्र्यांनी ते तिच्या दारापुढं फाडलं. ती रडली नाही. पण तेव्हापासून तिनं धुरा जाळू दिला नाही.

मी भांडले. "वो बाई, तू हरणं पोसतं अन् पावसाळ्यात थे माही तूर खातात."

"थे तशेही खातीन. मेले तरच सोडतीन. मारतं काय तू?"

मी कशाला मारू?

बकऱ्यावाल्या बायका शेंगा वेचायला आल्या की ही काठी घेऊन आडवी. "तुमच्या बकऱ्याले मालक हाय. याहिले कोन हाय?"

एकीनं टोमणा मारला, "तू हायस ना, हरणाची सासू."

"हावो. पन उपाशी ठेवत नाई."

धुरा मोडला तर कपाशीची दोन तासं, म्हणजे ओळी, जास्त बसतील, असं तिचा पोरगा दरवर्षी म्हणायचा. ती भाकर थापता थापता सांगायची, "मी मेल्यावर मोडजो."

गेल्या हिवाळ्यात ती तापानं मेली. चैत्रात पोरगा आगपेटी घेऊन माझ्याकडे आला.

"मावशी, आता पेटवू ना? तुमची तूर बी वाचन."

धुरा दोघांचा असतो, अर्धा त्यांचा, अर्धा आमचा. मी म्हटलं, "तुहा अर्धा पेटव. माह्या अर्ध्याले झळ लागली तर पाह्यजो."

"अर्धा कसा पेटवू मावशी?"

"थे तू पाह्य."

तो आगपेटी खिशात घालून गेला. पुन्हा आला तरी हेच सांगीन.

पावसाळ्यात हरणं तुरीत शिरली की मी दगड मारणारच आहे. आज दुपारी हिवराच्या सावलीत एक मादी शेंगा चावत उभी होती. मी वावरात बसून भाकर खात होते. ती पळाली नाही. मीही उठले नाही.