स्टीलचं की प्लॅस्टिकचं

माझं तोंड फटकळ आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. पण त्या दिवशी आर्नहेमच्या पिस्तुलांच्या दुकानात मी जे बोलले, तो मला फटकळपणा वाटलाच नव्हता. मी बाबांचे लाड करतेय असं मला वाटत होतं. म्हणून ते जास्त लागतं.

बाबा पुण्यात एका कॉलेजात पी.टी.चे सर होते आणि संध्याकाळी रेंजवर मुलांना पिस्तूल शूटिंग शिकवायचे. चाळीस वर्षं शिकवलं. पिस्तुलं दोन आणि मुलं पंधरा-वीस, त्यामुळे सगळ्यांचं मारून झालं आणि उजेड उरला तर सर मारणार. स्वतःचं पिस्तूल त्यांनी कधी घेतलं नाही. लायसन्सची यातायात, खर्च, आणि मग माझं इंजिनिअरिंग. मीही त्यांच्याच हाताखाली अकराव्या वर्षापासून शिकले, बऱ्यापैकी मारायचे, आणि बारावीचं वर्ष आलं तसं सोडून दिलं. त्यावर बाबा एक अक्षर बोलले नाहीत. आमच्या घरात कुणी बोललं नाही की समजावं, फार लागलंय.

पुढे नोकरी, लग्न, नेदरलँड्समधलं हूफडॉर्प. इथे येऊन बारा वर्षं झाली. ऑफिस, मुलीची शाळा, सायकल, आणि सदानकदा अंगावर येणारा वारा. चाळिशी उलटल्यावर एका हिवाळ्यात मला घराचा आणि स्वतःचाही इतका कंटाळा आला की मी जवळच्या शूटिंग क्लबात नाव घातलं. नवरा म्हणाला, योगा कर की. मी म्हटलं, तू कर.

फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं की ट्रिगर बोटाच्या कुठल्या पेराने दाबतेस. झालं, त्या दिवसापासून दर रविवारचा फोन म्हणजे क्लास. आई बिचारी मागून ओरडायची, तिला जेवलीस का ते तरी विचारा. इथले नियम बाबांना माझ्याहून जास्त पाठ झाले. वर्षभर क्लबाची पिस्तुलं वापरायची, अठरा वेळा हजेरी लावायची, मग पोलीस घरी येऊन तिजोरी भिंतीला नीट ठोकलीय की नाही ते बघणार, आणि मग परवाना. त्यावर पहिल्या वर्षी एकच पिस्तूल. पाहुण्याला मात्र सभासदाच्या देखरेखीखाली क्लबात मारता येतं. हे शेवटचं त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं.

मग एका रविवारी म्हणाले, "आम्ही आल्यावर घे. आणि त्यातल्या पहिल्या दहा गोळ्या मी मारणार. जन्मभर दुसऱ्याच्या पिस्तुलाने मारल्या गं, एकदा घरच्या पिस्तुलाने मारू दे."

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

ते दोघं एप्रिलमध्ये आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तोवर मी आमच्या जातीला शोभेल असं एक्सेल करून ठेवलं होतं. आयटीतली माणसं कुकर घेतानाही एक्सेल करतात, मग हे तर पिस्तूल. नवऱ्याशी वाद घालून बजेट ठरवलं होतं, त्यात चाळणी लावत लावत दोन उरली. दोन्ही नऊ एमएमची, पूर्ण आकाराची. एक जुनं पण उत्तम राखलेलं, अख्खं स्टीलचं, वजनाने किलोच्या वर आणि किमतीने बजेटच्या जरा वर. दुसरं नवं कोरं, प्लॅस्टिकच्या बॉडीचं, पहिल्याच्या निम्म्यापेक्षा थोड्याच जास्त किमतीचं. स्टीलच्यात धक्का कमी बसतो, नेम स्थिर राहतो. प्लॅस्टिकचं हलकं, जेमतेम पाऊण किलोचं, पण हातात उडतं.

माझं मन कुठे होतं हे सांगायला नको. बाबा तरुणपणी एका स्पर्धेला गेले होते, तिथे एका अधिकाऱ्याने स्वतःचं स्टीलचं पिस्तूल त्यांना पाच मिनिटं हाताळायला दिलं होतं. ती पाच मिनिटं आम्ही सणासुदीला ऐकायचो. वजन कसं तळहातात बसतं, खांदा कसा आपोआप खाली येतो, सगळं. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की बाबांना तेच घ्यायचं. तरी निवड त्यांच्या हातून व्हावी म्हणून त्यांना दुकानात नेलं.

आता इथे बाबांची एक खोड सांगितली पाहिजे. दोन वस्तू समोर ठेवल्या की बाबा स्वस्तातली उचलणार. आईची साडी असो, माझी सायकल असो, स्वतःचा चष्मा असो, "हीच बरी आहे" म्हणणार आणि वर तिचे गुण सांगणार. हॉटेलात गेलो की त्यांना भूक नसायची. रिक्षात बसायची वेळ आली की त्यांना नेमके पाय मोकळे करायचे असायचे. आम्हा मराठी घरातल्या मुलांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की बाप "नको" म्हणाला की आपण त्याचा अर्थ "हवंय, पण तुझे पैसे जातील" असाच लावतो. आणि मग मोठं झाल्यावर, चार पैसे हातात आले की, त्यांचं न ऐकता घेऊन देतो. तसं करण्यात एक वेगळाच तोरा असतो.

आम्ही दोघं ट्रेनने गेलो. बाबा खिडकीतून कालवे बघत होते आणि उजवा हात सबंध वेळ मांडीवर डाव्या हाताखाली ठेवून बसले होते. थंडी वाजतेय का विचारलं, तर नाही म्हणाले.

दुकानदाराने दोन्ही पिस्तुलं कापडावर मांडली. बाबांनी आधी स्टीलचं घेतलं. दोन्ही हातांनी उचललं, वरच्या सरकत्या स्लाइडवरून अंगठा फिरवला आणि लगेच खाली ठेवलं. मग दुसरं एका हाताने घेतलं, हात सरळ केला, भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हे घे. हे चांगलं आहे. हलकं आहे, नवंय, स्वस्तही आहे."

स्वस्त हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. म्हटलं, बाबा, पुरे झालं आता, जन्मभर स्वस्तातलं घेतलंत, मी काय रस्त्यावर आलेय का? ते म्हणाले, पैशाचं नाही गं. मी म्हटलं, तुमचं ना, कधीच पैशाचं नसतं. आणि दुकानदाराकडे वळून डचमध्ये हसत सांगितलं की माझ्या वडिलांना नेहमी स्वस्तातलंच आवडतं. दुकानदार हसला. बाबांना डच येत नव्हतं, पण आपल्यावर हसतायत एवढं कळायला भाषा कशाला लागते. तेही थोडं हसले आणि म्हणाले, "बरं. तुझी हौस आहे तर तेच घे."

परतीच्या ट्रेनमध्ये मी खुशीत होते. बाबाही मला खूश दिसले. खरं सांगायचं तर मी नीट बघितलंच नाही.

पिस्तुलाचा नंबर परवान्यावर चढेपर्यंत सहा आठवडे गेले. बाबा रोज पत्रपेटी उघडून बघायचे. तिजोरीची तपासणी झाली, आईने त्या पोलिसांना चिवडा खायला घातला, मग कागद आले. जूनमधल्या एका शनिवारी सकाळी आम्ही क्लबात गेलो. पिस्तूल नेताना वाटेत कुठे थांबता येत नाही, घरातून थेट रेंज. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. रेंजवर शिकवायला जाताना घालायचे तसा.

मी दहा गोळ्या भरून दिल्या आणि त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी पाय रोवले, डावा हात खिशात घातला, जुन्या पद्धतीने, एका हाताने. पिस्तूल वर गेलं. खांद्याच्या पातळीला पोचायच्या आत ते थरथरायला लागलं आणि हळूहळू खाली आलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, श्वास घेतला. पुन्हा उचललं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डावा हातही लावला, तरी पुढचं टोक थांबेना. ज्या माणसाने शेकडो मुलांना सांगितलं होतं की हात हलत असेल तर गोळी मारायची नाही, तो माणूस गोळी मारणार नव्हता. त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, दहाही गोळ्या टेबलावर ओळीत मांडल्या आणि मागे सरकले. "तू मार," म्हणाले.

शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्या डच सभासदाने सगळं पाहिलं असावं. त्याने स्वतःचं हलकं पिस्तूल पुढे केलं. बाबांनी इंग्रजीत त्याचे आभार मानले आणि नको म्हणाले. दुसऱ्याच्या पिस्तुलाने मारायला ते एवढ्या लांब आले नव्हते. मी त्या दहा गोळ्या मारल्या. कुठे लागल्या ते मला आठवत नाही. मग आम्ही क्लबातली कॉफी प्यायलो आणि बाबा मला माझ्या मनगटातली चूक समजावून सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेले असताना आईने पोह्यांना फोडणी देता देता सांगितलं. बाबांच्या उजव्या हातातली ताकद दिवाळीपासून कमी होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढत जाणार. व्हिसाचे कागद झाल्यापासून ते रोज सकाळी गच्चीवर पाण्याची लिटरची बाटली हातात धरून उभे राहायचे. भरलेली बाटली पेलायची नाही. मग ते थोडं थोडं पाणी ओतून कमी करत गेले. पाऊण बाटली दहा वेळा धरता येते हे त्यांनी नक्की केलं होतं आणि मग तिकिटं काढायला होकार दिला होता.

"मला शपथ घातली होती," आई म्हणाली. "दुकानात मी हलकं मागेन, तिला कळायचं कारण नाही, म्हणाले."

त्यांनी मागितलं होतं. तोंडाने, स्पष्ट मराठीत, दुकानात उभं राहून मागितलं होतं. आणि मी त्यांना माझं मोठेपण ऐकवत बसले होते.

सोमवारी ऑफिस सोडून दुकानदाराला फोन केला. तो भला माणूस, बदलून द्यायला तयार होता. घोडं अडलं परवान्यापाशी. पिस्तूल बदलायचं तर सगळे कागद पुन्हा, आणि पोलिसांच्या खिडकीवरची बाई मला शांतपणे सांगत होती की किमान सहा आठवडे. बाबांचं विमान अठरा दिवसांवर होतं. मी तिच्याशी भांडले, मग तिच्यासमोर रडले. तिने टिश्यूचा डबा पुढे केला आणि सहा आठवडेच सांगितले.

बाबांना मी काही कळू दिलं नाही आणि त्यांनी मला. स्किपोल विमानतळावर निरोप घेताना मी वाकले तर त्यांनी डोक्यावर डावा हात ठेवला.

वर्ष उलटलं, दुसऱ्या पिस्तुलाची परवानगी मिळाली. मी त्याच दुकानातून तेच हलकं घेऊन आले. तोवर बाबांचा उजवा हात पूर्ण निकामी झाला होता, आई भरवत होती, आणि विमानप्रवासाचं नाव काढायचीही सोय राहिली नव्हती. रविवारी व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन त्यांच्यासमोर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ती आत गेली. मी पिस्तूल कॅमेऱ्यासमोर धरलं आणि जे वर्षभर गिळून ठेवलं होतं ते विचारलं.

"बाबा, एकदा म्हणायचं होतंत की जड उचलत नाही. मी ऐकलं असतं."

"तुला कसं सांगू?" ते म्हणाले. "तुला हात सरळ धरायला मीच शिकवलं ना."

मग त्यांनी ते पिस्तूल जरा जवळ आणायला सांगितलं, डावीकडून दाखव म्हणाले, मग मूठ दाखव म्हणाले. मी दाखवत राहिले.

"हेच ते," बाबा म्हणाले. "हे जमलं असतं गं मला."