खबरमामाचं आवतण

माझ्या हातून एक माणूस मेला आहे. म्हणजे मी त्याला तोंडाने मारला, आणि तो पुढे वीस वर्षं ठणठणीत जगला, ही गोष्ट वेगळी.

आषाढ नुकताच लागला होता. बाभुळगावजवळच्या आमच्या गावात मी नवा मास्तर झालो होतो, लग्नही नवंच होतं, आणि या दोन्हींमुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं असा माझा समज होता. सकाळी ओट्यावर दात घासत बसलो होतो, तर समोरच्या निंबाखाली खबरमामा उभा. डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतलेला, मान खाली, दारापासून दहा हात लांब. हा माझ्या मायच्या माहेरचा माणूस. त्या गावात कोणी मेलं की सोयऱ्यांच्या गावोगाव पायी जाऊन सांगायचं, हे त्याच्या घराण्याचं पिढीजात काम. ते त्याने आता सोडलं होतं, तरी तो असा उभा राहिला की पुढचं ऐकायची कोणाला गरज वाटत नसे. मी तोंडातली राखुंडी थुंकली आणि आत वळून म्हणालो, “माय, मोठामामा गेला.”

मायने हंबरडा फोडला. शेजारच्या बाया धावल्या, कोणीतरी चुलीवरचा तवा उतरवला, मी शाळेत सुट्टीचा निरोप धाडला. बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं की खबरमामा अजून निंबाखालीच उभा आहे. पूर्वी खबर दिली की तो पाणीही न पिता पुढच्या गावाला लागायचा. आज त्याच्या मुठीत काळ्या मिऱ्यांसारख्या कसल्याशा बिया होत्या आणि चेहरा रडवेला झाला होता.

“मी काई बोललोच नाही, मास्तर,” तो म्हणाला. “तोंड उघडाच्या आंधीच तुमी मानूस मारून टाकला. मी त माह्या सुमीच्या लगनाचं आवतन घेऊन आलतो.”

मायने त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही. मोठ्यामामाला ही हकिकत कळल्यापासून तो दर भेटीत मला विचारायचा, “काय मास्तर, मी हाय ना?”

खबरमामाचं खरं नाव मला सुमीच्या लग्नाच्या दिवशी, कागदावर लिहिताना कळलं. तो उंच, काटक, आणि चालायचा असा की रस्त्याशी भांडण झाल्यासारखा. छप्पन सालच्या दसऱ्याला आमची सगळी माणसं नागपूरला जाऊन आली, त्यांत तोही होता. परतला त्याच दिवशी त्याने घराण्याची, खबर नेताना हातात धरायची घुंगरांची काठी मोडून चुलीत घातली आणि तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. मग पाटलाच्या दारी जाऊन, यापुढे मयतीची खबर नेणार नाही, असं सांगून आला. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. आमच्या लोकांना गावात काम मिळेना, आणि पाण्यासाठी नाल्यातला झिरा उरला. मामाला लोक विचारत, आता कसं करायचं. तो म्हणे, “कसं म्हंजे? पाय हायेत ना.”

मयतीची खबर कशी सांगावी याचं त्याचं शास्त्र होतं. “थे एका दमात सांगा लागते,” तो म्हणायचा. “मंधी श्वास घेतला का समोरचा मानूस त्या श्वासात आस धरते. थे पाप हाय.” सुमी लहान असताना तिची माय गेली, तेव्हा बायकोच्या माहेरी ती खबरही त्यालाच न्यावी लागली होती. तीही त्याने एका दमात सांगितली म्हणतात, आणि सासूला सावरायला मात्र थांबला. तेवढीच एक वेळ तो थांबला.

आता त्याच्या मनाने घेतलं होतं की सुमीच्या लग्नाचं आवतण दुसऱ्या कोणी न्यायचं नाही. ज्या ज्या दारात आपल्याला पाहून लोक रडले, त्या त्या दारात एकदा तरी हसण्याची गोष्ट घेऊन जायचं. बारा गावं त्याने तशीच पायी काढली. अडचण एवढीच की उभं राहायची रीत त्याच्या अंगातून जाईना. आमच्या घरी झालं तेच पुढे आणखी दोन घरी झालं. एके ठिकाणी म्हातारी दातखिळी बसून पडली. मग त्याने शक्कल काढली. गावाची पांदण लागली की तिथूनच तो हाळी घालत यायचा, “कोनी मेलं नाही हो, कोनी मेलं नाही.” लग्नाच्या आवतणाचं पहिलं वाक्य हे असं, जगात दुसरीकडे कुठे नसेल.

बिया होत्या गुलबाक्षीच्या. छापील पत्रिका यवतमाळला होत. त्या आम्हाला परवडणाऱ्या नव्हत्या, आणि हळदीत माखलेल्या अक्षता द्यायच्या नाहीत असं आता ठरलेलं. तांदूळ खायचा असतो, उधळायचा नसतो, असं मामाचं म्हणणं. म्हणून दर घराला पाच-पाच बिया. “सांडपान्यावर लावून द्या. फुलल्या का लगन. येतानी फुलं घेऊन या.” गुलबाक्षीला विहिरीचं पाणी लागत नाही, भांडी घासल्याचं पुरतं, यापेक्षा जास्त हिशेब त्यात नव्हता. पण त्या पावसाळ्यात बारा गावांतल्या आमच्या वस्त्यांमधून मोरीच्या कडेकडेने सुमीचं लग्न उगवत होतं, हे मात्र खरं.

बिया फुलणार भाद्रपदात. भाद्रपदात, तेही पितरांच्या पंधरवड्यात लग्न म्हटल्यावर आमचीच जुनी माणसं नको नको म्हणू लागली. धर्म बदलला तरी भीती एवढ्या लवकर बदलत नाही. माझीही बदलली नव्हती, मी फक्त ती मास्तरासारखी झाकत होतो. मामाला मुहूर्ताचं विचारलं. तो म्हणाला, “आता आपल्याले पंचांग नाही. मंग फुलायलेच इचारू.” गुलबाक्षी उमलते दिवस कलल्यावर. म्हणून वेळ ठरली पाच वाजताची. हे फूल खुडलं की घटकाभरात मान टाकतं, तेव्हा फुलं सुपात आली की लग्न लागलंच पाहिजे.

मांडव त्याने आपल्या गावी, स्वतः घातला, पळसाच्या आणि जांभळीच्या फांद्यांचा. पत्रावळी महिनाभर टाचत होता. माझी बायको राळेगावकडची, हाताची कुशल. सुमीच्या पांढऱ्या लुगड्याला निळा काठ शिवायचं काम तिने घेतलं. पांढरं लुगडं नवरीला कसं, म्हणून बाया कुजबुजल्या, तर मामा म्हणाला, “कफन मी लय पाह्यले. कफनाले काठ नसते.” गुलबाक्षीची वेणी सुईदोऱ्याशिवाय होते, देठात देठ अडकवून. ती त्याने सगळ्या पोरींना शिकवली. हे काम त्याला कोणी शिकवलं होतं, ते त्याने सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. बारा गावांची माणसं आली, टोपल्यांमधून रोपंच्या रोपं घेऊन. ढगांमुळे फुलं जरा लवकरच उमलली. पोरींनी खुडून चार सुपं भरली. वऱ्हाड येऊन बसलं होतं. वंदना आणि पंचशील म्हणायचं काम माझ्याकडे. आठवडाभर मी ते बायकोसमोर घोकत होतो.

अशा वेळी तिथल्या आमच्या वस्तीतली एक म्हातारी मांडवाच्या मागच्या अंगाला आली. बंदी असली तरी ती पाटलाच्या गोठ्यात शेण काढायला गुपचूप जात असे; तिला दुसरा आधार नव्हता. मामा कमानीची शेवटची फांदी बांधत होता, मी शेजारी होतो. ती हळूच म्हणाली की सावरगाववाली विहिरीत मेलेली निघाली. सावरगाववाली म्हणजे पाटलाची धाकटी सून. सकाळी तिला मारल्याचा आवाज म्हातारीने गोठ्यातून ऐकला होता. पाय घसरला, असं घरात ठरलं होतं.

मामाने विचारलं, “तिच्या मायले सांगाले कोन गेलं?”

कोणीच गेलं नव्हतं. दिवस आहे तोवर जाळून मोकळं व्हायचं, चिठ्ठी मागाहून टाकू, असं चाललं होतं.

आपल्या गावातल्या एकूण एक सुनेचं माहेर मामाला पाठ होतं. कोणत्या नाल्याशी वळायचं, कुठल्या चिंचेपासून उतरायचं, दार कोणत्या दिशेला. सुनांना हे ठाऊक नसायचं. सावरगाव तिथून सात कोस, मध्ये बेंबळा नदी दुथडी भरलेली. त्याने हातातली सुतळी खाली ठेवली आणि दुपट्टा कमरेला बांधला.

मी त्याचा दंड धरला. पाटलाचं काम सोडलं ना, मग आज हे कशाला, असं म्हणालो. पाटलानं सांगितलं नाही म्हणूनच जातो, असं तो म्हणाला. मग मी माझ्या मते शहाणपणाचं बोललो. “मामा, अर्ध्या घंट्याचं काम हाय. फुलं खुडून झाली. लगन लागू द्या, मंग जा.”

“लगन माह्यावाचून लागन, मास्तर,” तो म्हणाला. “थ्या मायले माह्यावाचून कोनी सांगनार नाही.”

सुमीकडे तो गेला नाही. तिच्याकडं पाह्यलं असतं त पाय उचलला नसता, असं पुढे एकदा बोलला. मागच्या शेताच्या धुऱ्याने नेहमीच्या चालीने निघून गेला.

मी थोडा वेळ थांबलो. सुपातल्या फुलांच्या कडा कोमेजायला लागल्या होत्या. मग मी लग्न लावायला उभा राहिलो. वऱ्हाडात कोणीतरी विचारलं, नवरीचा बाप कुठे? एक पोरगा म्हणाला, “पाटलाच्या घरी मयत झाली म्हन्ते. गेला असन बुढा काठी घेऊन.” मांडवात हसू पसरलं. सुमीने ते ऐकलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मांडवाच्या कडेला उभी असलेली ती म्हातारीही माझ्याकडे बघत होती.

मला एकच वाक्य बोलायचं होतं, की मामा पाटलासाठी नाही, त्या पोरीच्या मायसाठी गेला आहे. बोललो असतो तर ते घटकेत पाटलाच्या घरी पोचलं असतं, मामाच्या मागे माणसं गेली असती, म्हातारीचं काम गेलं असतं. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. ती खरीही आहेत. पण त्या क्षणी मला त्यांतलं एकही सुचलेलं नव्हतं. मी भ्यालो, एवढंच. मी पंचशील सुरू केलं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. ते मी अगदी स्पष्ट उच्चारांत म्हटलं, आणि सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. फुलं पडली. सुमी बापाबद्दल एक शब्द न विचारता गाडीत बसून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा परतला तो एका बैलगाडीबरोबर. गाडीत त्या पोरीची माय होती. तोवर चिता विझून तिच्यावरून पाऊस गेला होता. माय पाटलाच्या दारासमोर चिखलात बसली आणि दिवस मावळेपर्यंत लेकीला नावाने हाका मारत राहिली. त्या पोरीचं नाव कौसल्या होतं, हे गावाला त्या दिवशी कळलं. दुसरं काहीच झालं नाही. पोलीस पाटील घरचाच होता. माय गाडीत बसून परत गेली.

आठ दिवसांत मामाचं छप्पर कोणीतरी ओढून पाडलं. मी सुमीच्या सासरी जाऊन तिला खरं काय ते सांगितलं. तिने मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, “मंग तवाच काहून नाही बोलले, मास्तर?” मी पाणी पीत राहिलो.

मामा यवतमाळला गेला, एका जिनात कामाला लागला, आणि पाच-सहा वर्षांनी कापसाच्या धुळीने छाती भरून तिथेच वारला. यवतमाळला जाताना त्याला बाभुळगावच्या मोटारीपर्यंत पोचवायला मी आणि माझी बायको गेलो होतो. एक गाठोडं होतं, दुसरं काही नाही. माझ्याशी तो जिनातल्या कामाचं बोलला. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. मोटार सुटायच्या आधी माझी बायको त्याला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगत होती. काडीने मातीत रेघा ओढत होती. तो उकिडवा बसून बघत होता, मध्येच काही विचारत होता. मग त्याने मान हलवली आणि मोटारीत चढला.

घरी परतताना मी तिला विचारलं, एवढं काय चाललं होतं. ती म्हणाली, माझ्या मायच्या गावची वाट सांगत होते. तिला तेव्हा पाचवा महिना होता. मी हसण्यावारी नेलं. म्हणालो, मामा आता चालला यवतमाळला, आणि ती वाट मला ठाऊक आहे की, मला सांगायची.

तिने चाल वाढवली.

“तुमाले वाट ठाऊक हाय,” मग ती म्हणाली. “पन तुमी फुलं सुकतीन म्हनून थांबसान.”