पोट हिरवंगार, पाठ रिकामी

१९७४ साली मी मराठीत बी.ए. होऊन आमच्याच कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो. दुपारची भाकरी मात्र प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खायचो, बाबालालभाईंबरोबर. ते तिथले शिपाई. उचगावहून सायकलनं येत, रंकाळ्याला वळसा घालून. हँडलला तळ्याच्या पाण्याचा डबा.

त्या पाण्यात तिळाएवढे पारदर्शक जीव असत. प्राणिशास्त्राचे सर त्यांना पाणपिसवा म्हणत. पिसवा शेवाळ खातात, मासे पिसवा खातात. सर पिसवांची वाढ मोजत होते. त्यांना खाऊ घालायचं काम बाबालालभाईंचं.

त्या वर्षी पिसवा वाढेनात. दोन खेपा फुकट गेल्या.

"तू त्यांना उपाशी ठेवतोस," सर म्हणाले. "ही तिसरी खेप. नाही वाढल्या तर परत ऑफिसात घंटा वाजवायला जा."

त्या दुपारी भाईंनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. माझ्या हातात भिंग दिलं.

"बघा की मास्तर. उपाशी हायत व्हय ह्या?"

काचेसारख्या अंगात आतड्याची हिरवीगार रेघ दिसत होती. पाठीत अंड्यांची जागा असते, ती रिकामी.

उपाशी राहू नयेत म्हणून भाईंनी शेवाळाच्या बरण्या गच्चीवर कडक उन्हात ठेवल्या होत्या. नळाच्या पाण्यात. शेवाळ दाट झालं होतं.

"पालकाची भाजी झालीय, भाई. लसणीची फोडणी तेवढी द्या."

ते हसले नाहीत.

"आमची म्हस अशीच करती. उसाचं वाडं, नुसतं हिरवं शेंडं टाकलं की पोट टम्म, दूध न्हाय. मेहमुदा पेंड घालती तवा कुठं चरवी भरती." मेहमुदा म्हणजे त्यांची बायको. मग त्यांनी भिंग परत घेतलं. "मी ह्यास्नी नुसतं वाडंच घालतोय की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंकाळ्यात म्हशी धुतात तिथलं, शेणामुताचं खत मिसळलेलं पाणी आणलं. मेहमुदाभाभींच्या जुन्या ओढणीतून गाळलं. त्यात शेवाळ धरलं आणि बरण्या जिन्याखाली ठेवल्या. तिथं उजेड बेताचा. शेवाळ पातळ, फिकट आलं.

"एवढ्यावर जगतील?" मी विचारलं.

"पातळ हाय, पण दमाचं हाय."

अर्ध्या पिसवांना हे घातलं, अर्ध्यांना गच्चीवरचं. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी सर आले. एका बाजूच्या पिसवा होत्या तशाच. दुसऱ्या बाजूच्या दुप्पट झालेल्या, पाठीत अंडी.

"आता पोटभर घातलंस ना?"

"कमी घातलं, सर. पयल्या दोन खेपा मीच नासवल्या. उन्हात दाट केलं, पर त्यात कस न्हवता."

भाई गप्प बसले असते तरी चाललं असतं. माझा घास तोंडातच राहिला.

सर बराच वेळ भिंगावरून उठले नाहीत.

"ती पाण्याची जागा उद्या मला दाखव."

"चपला हातात घ्याव्या लागतील, सर. शेण असतंय." भाईंनी बरणीवर झाकण ठेवलं. "आनि घंटा?"

"वाजवील कुणीतरी," सर म्हणाले.

मग भाईंनी जेवणाचा डबा उघडला.